कलावंताचा रकाना

सरकारी छापील नमुन्यांविषयी आमचे एक जुने मत आहे. नमुना हा वरवर प्रश्न विचारीत असल्यासारखा दिसतो. वस्तुतः उत्तरे त्याने अगोदरच ठरवून ठेवलेली असतात आणि आपण कोणत्या चौकटीत उभे राहावे, एवढेच काय ते तो आपल्यावर सोपवितो. नाव, पत्ता, जन्मतारीख या चौकटी निरुपद्रवी आहेत. परंतु प्राप्तिकराच्या विवरणपत्रात 'वेतन' आणि 'धंदा किंवा व्यवसाय' अशी जी दोन दालने आहेत, त्यांच्या उंबरठ्यावर कारकून थबकत नाही, शिक्षक थबकत नाही, दुकानदार तर नाहीच नाही. थबकतो तो कलावंत. पावसाळा लागून विवरणपत्रांचे दिवस आले, की आमच्या कचेरीत अशी थबकलेली माणसे येऊ लागतात. कोणी तियात्रात कांतारे म्हणणारी, कोणी नाटकात लहानमोठी कामे करणारा, कोणी भजनाला पखवाजाची साथ देणारा. प्रत्येकाच्या हाती प्लास्टिकच्या पिशवीत पावसापासून जपून आणलेले कागद असतात. त्यांपैकी काहींवर 'फॉर्म १६' असे छापलेले असते, तर काहींवर 'फॉर्म १६-ए'.

फरक एका अक्षराचा. पण 'ध' चा 'मा' केल्याने काय होते, हे मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. पहिला कागद धनी आपल्या नोकरास देतो: वर्षभराचे वेतन एवढे, त्यावर तक्त्याप्रमाणे कर एवढा. दुसरा कागद जो नोकर नाही अशा माणसास मिळतो: फी एवढी, तीतून सरसकट शेकडा १० प्रमाणे कापून घेतले एवढे. १९६१ च्या अधिनियमात पहिल्याचे कलम १९२ आणि दुसऱ्याचे १९४-जे. १ एप्रिल २०२६ हा ज्याच्या अमलाचा दिवस, त्या २०२५ च्या अधिनियमात कलमांचे हे आकडे बदलून ३९२ आणि ३९३ झाले. दालने मात्र दोनच राहिली. ज्याचे वर्षाचे उत्पन्न कराच्या मर्यादेखाली आहे अशा नोकराच्या पगारातून एक पैही कापली जात नाही. तेवढेच पैसे फी म्हणून घेणाऱ्याचा दहावा हिस्सा मात्र अगोदर सरकारजमा होतो आणि विवरणपत्र भरले तरच, काही महिन्यांनी, परत येतो. नोकराला ठोक वजावट मिळते. पण त्याने स्वतःच्या पैशाने शिवलेला शालू वा अंगरखा, रंगभूषेचे सामान, रात्रीच्या गाडीभाड्याचा खर्च यांतील काहीही वजा होत नाही. व्यावसायिकाला ते सारे वजा करता येते; पण त्याला रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही. विवरणपत्रांपैकी एकाचे नाव 'सहज' आणि दुसऱ्याचे 'सुगम' असे ठेवणारा अधिकारी विनोदी वृत्तीचा असावा, असे आम्हाला नेहमी वाटते. १६-ए हाती असताना 'सहज' भरून बसलेल्या कितीतरी कलावंतांना 'आपले विवरणपत्र सदोष आहे' अशी नोटीस आलेली आम्ही पाहिली आहे.

आता या घोटाळ्याला कलावंतांचे अज्ञान कारण आहे असे जे हिशेबनीस म्हणतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. घोटाळा व्यवसायाच्या रचनेतच आहे, आणि तो व्यवसायाच्या भाषेतही उतरला आहे. मराठी रंगभूमीवरचा नट पगार घेत नाही, तो 'नाईट' घेतो; एका प्रयोगाची एक नाईट. तमाशाची सुपारी येते. तियात्रात कंत्राटदार असतो, आणि तो गावच्या फेस्ताला ठरावीक रकमेस सगळा खेळ विकत घेतो. म्हणजे तियात्रात कंत्राटदार हा खेळ घेणारा, आणि कायद्याच्या पुस्तकात कंत्राटदार म्हणजे खेळ करणारा! या दोन अर्थांमध्ये सापडून तियात्रातील एका गायिकेने आमच्यासमोर जवळजवळ रडकुंडीस येऊन सांगितले होते, की आपण आयुष्यात कधी कंत्राट घेतले नाही, आपण फक्त गाते.

'पगार' हा शब्द पोर्तुगिजांनी आपल्याला दिला. देणे चुकते करणे एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्या रोखठोक शब्दाची कलेच्या क्षेत्रात आपणास लाज वाटू लागली, आणि त्याच्या जागी आपण 'मानधन' हा गोड शब्द आणून बसविला. संस्कृतात मानधन म्हणजे मान हेच ज्याचे धन आहे असा पुरुष. मराठीत त्याचा अर्थ एवढाच उरला, की धन थोडे द्यावयाचे आणि उरलेली भरपाई मानाने करावयाची. हा शब्द आमच्या मते कायद्याच्या दृष्टीने भाषेतील अत्यंत धोक्याच्या शब्दांपैकी एक आहे. महिन्याच्या महिन्याला, ठरावीक तारखेस, ठरावीक रक्कम देऊनही ती देणारा 'आम्ही पगार देतच नव्हतो' असे म्हणावयास मोकळा राहतो, तो या शब्दाच्या बळावर.

पूर्वी असे नव्हते काय? पूर्वीही असेच होते, पण निदान झाकपाक कमी होती. बडोदे संस्थानात गायक-वादकांचे खातेच होते आणि त्याचे नाव 'कलावंत कारखाना'. सयाजीराव महाराजांच्या शिस्तप्रिय कारभारात या कारखान्याला नेमणुका होत्या, वेतन होते, नियम होते. उस्ताद फैयाज खाँसाहेबांसारखा गायक त्या दरबारचा वेतनदार होता, आणि त्याने त्यांच्या गाण्याला काही कमीपणा आला असे कोणी म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही. नाटक मंडळ्यांतही तेच. किर्लोस्कर मंडळीत महिना पगार घेऊन, मंडळीच्या बिऱ्हाडात राहून, मंडळीच्या पंगतीत जेवून नट काम करीत. त्याच मंडळीतून बाहेर पडून १९१३ साली बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. काल पगारी नट, आज भागीदार, आणि पुढे एकटेच मालक व मंडळीच्या कर्जाचे धनीही. कलावंताच्या तीनही अवस्था एकाच आयुष्यात. त्या आयुष्याला प्राप्तिकराचा कोणता रकाना पुरला असता, देव जाणे.

कायद्याने हा प्रश्न फार जुन्या काळी हाताळला आहे. रोमन लोकांनी श्रम भाड्याने देणे आणि काम पुरे करून देणे असे दोन करार निरनिराळे मानले. आमच्या गोव्यात १८६७ ची जी पोर्तुगीज नागरी संहिता चालत असे, तिने घरगुती चाकरी, मजुरीची चाकरी, मक्त्याचे काम, कला व उदार व्यवसाय यांतील सेवा अशी निरनिराळी घरे पाडली होती. घरे नीटनेटकी. पण मनुष्य घराबाहेर पाय टाकतोच. ज्या तबलजीची कथा आम्ही पुढे सांगणार आहो, तो तिसऱ्या प्रहरी मजुरीची चाकरी करी आणि रात्री देवळात कलेची सेवा करी.

१९३१ साली इंग्लंडात लिलियन ब्रेथवेट या नटीचा खटला झाला. ती नाटकांत काम करी, चित्रपटांत करी, रेडिओवर बोले, अमेरिकेतही एका नाटकात तिने काम केले होते. तिचा प्रत्येक करार ही एक स्वतंत्र नोकरी, की सगळे मिळून एक व्यवसाय, असा करापुरता वाद होता. न्यायमूर्ती रौलट यांनी सांगितले, की एखादी जागा पटकावून तीत राहणे निराळे आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर जात राहून पोट भरणे निराळे. हा दुसरा प्रकार व्यवसायाचा, आणि त्यातला एकेक करार म्हणजे त्या व्यवसायातला एकेक प्रसंग. (हेच ते रौलट, ज्यांच्या नावाचा कायदा आपल्याकडे १९१९ साली गाजला, नटीच्या बाबतीत मात्र त्यांची दृष्टी स्वच्छ होती.) पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याच देशात सॅडलर्स वेल्सच्या एका नर्तकाचा खटला झाला. त्याला आठवड्याचा पगार, ठरलेले तास, आणि परवानगीवाचून इतरत्र नाचण्यास बंदी. न्यायालयाने म्हटले, हा नोकर. दोघेही रंगमंचावरचेच, पण पारडे तिचे एकीकडे झुकले, त्याचे दुसरीकडे. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे, की ते कलेने झुकविले नाही, बांधिलकीने झुकविले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ च्या अखेरीस ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात कच्छच्या रणातील मिठागरांवरच्या अगरियांना कामगार ठरविले. त्यांना तासांचे बंधन नव्हते, मिठाच्या वजनावर पैसे मिळत, मदतीला ते स्वतःची माणसे आणीत, तरीही. १९७३ साली तेलंगण विभागाच्या दुकाने कायद्याखाली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा खटला झाला, आणि नगावर शिवणारे शिंपीदेखील नोकरच ठरले; कारण यंत्रे दुकानाची, आणि शिवण पसंत न पडल्यास ती पुन्हा करवून घेण्याचा अधिकार दुकानदाराचा. कलावंतांच्या दृष्टीने अधिक जवळचा निवाडा १९८७ चा. आकाशवाणीचे 'स्टाफ आर्टिस्ट' वर्षानुवर्षे कराराने बांधलेले, पगाराऐवजी 'फी' घेणारे. त्यांच्या जागा या शासकीय नागरी सेवेतील जागाच होत, असे सर्वोच्च न्यायालयाने चौधरी यांच्या खटल्यात ठरविले. 'फी' या शब्दाने न्यायालय फसले नाही.

हे सारे आम्ही ज्या प्रकरणासाठी पुन्हा वाचून काढले, ते प्रकरण आता सांगतो.

२०१९ सालच्या पावसाळ्यात एक तबलजी आमच्याकडे आले. वय साठीच्या पुढे. त्यांना सगळे मास्तर म्हणत, आम्हीही मास्तरच म्हणू लागलो. एका नृत्यसंस्थेत त्यांनी जून २००० पासून जून २०१९ पर्यंत एकोणीस वर्षे साथ केली होती. बोटांचे सांधे आखडू लागले, द्रुत लयीत हात मागे पडू लागला, आणि एका शनिवारी चिटणिसांनी त्यांना चहा पाजून सांगितले, की पुढच्या महिन्यापासून आपण आला नाही तरी चालेल. शेवटचे मानधन महिना १८,००० रुपये. १९७२ च्या उपदान कायद्याचा त्या वेळचा हिशेब म्हणजे दर वर्षाच्या नोकरीस पंधरा दिवसांचे वेतन आणि महिना सव्वीस दिवसांचा. त्या हिशेबाने मास्तरांचे १,९७,३०८ रुपये होत होते. त्यांनी संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे उत्तर आले, की आपण आमचे नोकर कधीच नव्हता. आपण स्वतंत्र व्यावसायिक आहात, आणि हे आपणच सरकारला दरसाल लिहून दिले आहे. उत्तरासोबत १६-ए च्या नकला होत्या.

मास्तरांनी तो लखोटा आमच्या टेबलावर ठेवला आणि विचारले, "वकीलबाब, हांव चाकर काय धनी, तें तरी सांगात."

प्रकार असा होता. पहिली नऊदहा वर्षे संस्था पावतीवर सही घेऊन रोख पैसे देई. मग संस्थेकडे नवे हिशेबनीस आले. त्यांनी वेतनाच्या यादीत फक्त कचेरीतील माणसे ठेवली आणि नृत्यगुरू, गायिका, पेटीवाला, तबलजी यांना 'व्यावसायिक फी' या सदराखाली टाकले. या बदलाविषयी मास्तरांना कोणी विचारले नाही. महिन्याला १,८०० रुपये कमी हाती येऊ लागले, तेव्हा त्यांनीच विचारले. उत्तर मिळाले, की ते सरकारकडे जातात, कागद भरला की परत मिळतात. कागद भरून देणारे एक गृहस्थ ५०० रुपये घेत. त्यांनी रकाना पाहिला, १६-ए पाहिला, आणि 'व्यवसाय' या दालनात मास्तरांना नेऊन बसविले. नेमाप्रमाणे थोडा खर्चही दाखविला: प्रवास, पुडी मढविणे, शाई. मास्तरांनी दाखविलेल्या ठिकाणी सही केली.

संस्थेच्या वकिलांचा युक्तिवाद हलका नव्हता, हे आम्ही प्रांजळपणे लिहितो. ज्याने सरकारपुढे 'मी व्यावसायिक' म्हणून सही केली, खर्चाची वजावट घेतली, तो आता लाभ दिसताच 'मी नोकर' म्हणून उभा राहू शकतो काय? एकाच तोंडाने दोन्ही गोष्टी कशा बोलाव्या? प्रश्न ऐकताना कोणाही समंजस माणसाची मान डोलेल. आमचे उत्तर असे होते: रकाना प्रथम निवडला तो पैसे देणाऱ्याने, घेणाऱ्याने नव्हे. हिशेबनिसाने कोणत्या कलमाखाली कर कापला, यावरून माणसाचे नाते ठरत नाही. नात्यावरून कलम ठरावयाचे असते. आणि लाभ म्हणाल तर मास्तरांना कोणता झाला? वर्षाचे २,१६,००० रुपये हे त्या वेळच्या अडीच लाखांच्या मर्यादेखालीच होते. वेतन म्हणून मिळाले असते तर एक रुपयाही कापला गेला नसता. खर्चाच्या वजावटीने शून्य कराचा शून्यच कर झाला. वर्षाला २१,६०० रुपये मात्र घरातून जाऊन कित्येक महिन्यांनी परत येत, आणि त्या पायी एका वर्षी मुलीच्या शिक्षणाची फी उसनवार करून भरावी लागली.

परंतु युक्तिवादाने काम झाले असे आम्ही म्हणणार नाही. काम झाले ते हजेरीपटाने. मास्तरांची सही सोमवार सोडून रोज, येण्याची वेळ व जाण्याची वेळ यांसह. तबले संस्थेचे. आपल्या ऐवजी दुसरा साथीदार पाठविण्याची मुभा नाही. २०११ साली एका जत्रेत परवानगीवाचून वाजविल्याबद्दल संस्थेने त्यांना लेखी समज दिली होती, आणि तो कागद मास्तरांनी अपमान म्हणून जपून ठेवला होता! २०१४ साली मुलीच्या लग्नासाठी त्यांनी आठ दिवसांची रजा मागितली. अर्जावर चिटणिसांचा शेरा होता, 'मंजूर, परंतु वार्षिकोत्सवापूर्वी हजर व्हावे.' उलटतपासणीत आम्ही चिटणिसांना एवढेच विचारले, की स्वतंत्र व्यावसायिकाला आपण रजा कशी मंजूर करता? आपल्या डॉक्टरांना करता काय? ते काही वेळ चष्मा पुसत राहिले.

२०२१ साली निकाल मास्तरांच्या बाजूने, व्याजासह लागला. अपील करावयाचे तर रक्कम अगोदर भरावी लागते. ती संस्थेने भरली, आणि मग दोन तारखांनंतर अपील काढूनही घेतले.

येथे वाचक म्हणतील, तर मग प्रत्येक कलावंताने नोकर म्हणवून घ्यावे. आम्ही तसे मुळीच म्हणत नाही. एका मोसमात तीन पथकांतून गाणारी, मधूनच ध्वनिमुद्रण करणारी, स्वतःचे कपडे स्वतः शिवून घेणारी ती तियात्रातली गायिका ही ब्रेथवेटबाईंचीच गोव्यातली बहीण होय. तिला एका मालकाने हिशेबाच्या सोयीसाठी फॉर्म १६ दिला, तर तो तिच्यावर अन्यायच. तिचा निम्मा खर्च त्या कागदात बुडतो. तिने त्या मालकाकडून तो कागद बदलून मागावा असे आम्ही सुचविले, आणि तिने तो भांडून बदलून घेतला. तेव्हा रकाना कोणता हे कलेवरून न ठरविता, काम कसे चालते यावरून ठरवावे, एवढेच आमचे म्हणणे.

कायद्यानेही मात्र कलावंताकडे जरा बघून घ्यावे. व्यावसायिकांना निम्मी जमा हाच नफा मानून हिशेबाच्या कटकटीतून मोकळे करणारी एक तरतूद गेल्या काही वर्षांत करण्यात आली. तिचा लाभ ज्या व्यवसायांना, त्यांच्या यादीत वकील आहेत, डॉक्टर आहेत आणि 'चित्रपट कलावंत'ही आहेत. नट, गायक, गीतकार, फार काय वेषभूषाकारही. नाटकातला नट त्या शब्दांत बसत नाही. म्हणजे तोच मनुष्य कॅमेऱ्यापुढे उभा राहिला तर व्यावसायिक, आणि कला अकादमीच्या रंगमंचावर उभा राहिला तर वह्या घेऊन बसावे! उलट वस्तू व सेवा कराने गायन, नृत्य, नाट्य यांतील लोककला वा शास्त्रीय कला सादर करणाऱ्यास एका प्रयोगाचे दीड लाखापर्यंतचे मानधन करमुक्त ठेवले आहे. ठीक. पण तियात्र हे लोककला की आणखी काही? १८९२ साली मुंबईत पहिले तियात्र झाले, तेव्हा ते आधुनिक होते. ही चर्चा विद्वानांनी सभेत करावयाची, की करअधिकाऱ्याने कचेरीत, हा प्रश्न आम्ही येथे नुसता नोंदवून ठेवतो.

मास्तरांच्या निकालानंतर त्या संस्थेने सर्व साथीदारांपुढे नवे करारपत्र ठेवले. पेटी वाजविणारा एक तरुण ते घेऊन आमच्याकडे आला. सातव्या कलमात लिहिले होते, की हा करार नोकरीचा नव्हे. अकराव्या कलमात लिहिले होते, की संस्थेच्या पूर्वपरवानगीवाचून अन्यत्र वाजवू नये. दोन्ही कलमे एकाच पानावर, मध्ये चारच बोटांचे अंतर. आम्ही त्याला म्हटले, अकरावे काढून मागा, किंवा सातवे तरी काढून मागा. तो मागून आला. 'बघू' असे उत्तर मिळाले. चतुर्थी तोंडावर आली होती, आणि घरभाडे थकले होते. त्याने सही केली. नक्कल मात्र मागून घेतली. आणि दर महिन्याच्या शेवटी तो हजेरीपटाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो, असे परवा भेटला तेव्हा सांगत होता.